किलोवर ओतणाऱ्यांनी बघावी अशी गाडी: मॅक्लारेन एफ-१

अनगोळकर (बेळगाव)

मंडळी, हा धागा मॅक्लारेन एफ-१ वर आहे. १९९२ ते १९९८ या काळात इंग्लंडमधल्या वोकिंगला तयार झालेली गाडी. सगळे मिळून १०६ नग, त्यातल्या २८ जीटीआर म्हणजे निव्वळ शर्यतीसाठीच्या. तिच्या वेगाबद्दल कुठंही वाचायला मिळतं, म्हणून तो भाग सध्या बाजूला ठेवतो. मला बोलायचंय ते वजनाबद्दल, आणि तेही उद्यमबाग, मच्छे, होनगा या बेळगावच्या कारखान्यांच्या भागांत मशीनवर आणि भट्टीवर उभं राहणाऱ्या माणसांशी. आपल्याकडं कास्टिंग किलोच्या दरानं विकलं जातं. ८ मिलिमीटरची भिंत १० ची झाली तर कुणाची झोप उडत नाही, बिल थोडं वाढतं इतकंच. ही गाडी नेमक्या उलट्या हिशोबानं बांधली गेली. म्हणून वाटतं की श्रीमंतांच्या आधी ती आपल्या लोकांनी नीट बघायला हवी.

थोडी पार्श्वभूमी. १९८८ साली मॅक्लारेनच्या एमपी४/४ या फॉर्म्युला वन गाडीनं १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. हातची गेली ती एकच, इटलीतल्या मोन्झाची. त्या शर्यतीनंतर मिलानच्या लिनाते विमानतळावर विमानाला उशीर झाला. रॉन डेनिस, मन्सूर ओजे, क्रेटन ब्राउन आणि गॉर्डन मरे हे चौघं तिथं बोलत बसले, आणि रस्त्यावर चालणारी गाडी काढायचा विचार तिथं पक्का झाला. मरे मूळचा दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचा. आधी ब्रॅबम आणि मग मॅक्लारेन, असं त्याचं उभं आयुष्य रेसच्या गाड्या काढण्यात गेलेलं.

त्यानं कामाला हात घालताना आधी आकडा ठरवला: १००० किलो. गाडी शेवटी ११३८ किलोवर थांबली. आज आपल्या कॉलेज रोडवर दिसणाऱ्या छोट्या एसयूव्हीसुद्धा एवढ्याच वजनाच्या असतात, आणि त्यांची ताकद शंभर-सव्वाशे हॉर्सपॉवरच्या आसपास असते. इथं ६१८. बीएमडब्ल्यूची इंजिनं काढणाऱ्या पॉल रोशे यांच्याकडं मरेनं मागणी केली होती ती २५० किलोच्या आतल्या, ५५० हॉर्सपॉवरच्या इंजिनाची. हातात आलं ६०६४ सीसीचं व्ही-१२, वजन २६६ किलो. १६ किलो जास्त भरलं, पण ताकद मागितल्यापेक्षा बरीच वर निघाली म्हणून ते चाललं. टर्बो नाही. प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा थ्रॉटल, म्हणजे बारा थ्रॉटल. आणि ड्राय संप. खाली तेलाचं खोल भांडंच नसल्यानं इंजिन जमिनीच्या जवळ बसतं, आणि लांब वळणावर तेल एका बाजूला पळून पंप कोरडा पडत नाही. ही सरळ रेसमधून उचललेली गोष्ट.

पुढची यादी मी कितीतरी वेळा वाचली असेल. पॉवर स्टिअरिंग नाही. ब्रेकला सर्व्हो, म्हणजे पायाचा जोर वाढवणारी मदत, नाही. एबीएस नाही. क्लच कार्बनचा, फ्लायव्हील अॅल्युमिनियमचं. सीडी प्लेअर केनवुडकडून मुद्दाम हलका करून घेतला. गाडीबरोबर जे हत्यारांचं किट मिळायचं तेसुद्धा टायटेनियमचं! पाना टायटेनियमचा करून कितीसं वजन वाचत असेल? पण ज्या टीमनं तिथं सूट घेतली नाही, ती चासीत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यात, कशाला घेईल?

आणि इंजिनच्या खोलीला आतून सोन्याचा पातळ वर्ख. साधारण १६ ग्रॅम, म्हणजे शहापूरच्या सराफकट्ट्यावर दीड तोळा. लोक याला मिरवणं समजतात. सोनं उष्णतेचे किरण परत फेकण्यात अव्वल आहे, आणि त्या खोलीच्या भिंती कार्बन फायबरच्या आहेत. कार्बन फायबर ज्या राळेनं बांधलेलं असतं ती राळ उष्णतेनं मऊ पडते. तेच काम करायला जाड इन्सुलेशन बसवलं असतं तर वजन वाढलं असतं. म्हणजे सोनं लावलं तेही वजन वाचवायला.

जाणकारांनी भर घालावी. फौंड्रीवाल्यांनी तर जरूर.

निपाणी_हायवे

दादा, सुंदर लिहिलंय. पण वेग असा सोडून देऊ नका ओ, आम्ही पुणे-बेंगळूर रस्त्याच्या काठावरची माणसं, आमचा जीव त्यातच. आणि ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीबद्दलही लिहा.

माझं मन फेरारीकडं ओढतं, विशेषतः एफ-५० कडं. १९९५ ते १९९७, फक्त ३४९ गाड्या. बाजारात जेवढ्या खपतील त्यापेक्षा एक कमी बनवायची, असं फेरारीनं उघड सांगितलं होतं. तिचं इंजिन फॉर्म्युला वनच्या इंजिनावरून काढलेलं. मॅक्लारेनचं इंजिन मात्र रस्त्यासाठीच नव्यानं बनवलेलं. मग रेसिंगची खरी गाडी कुठली म्हणायची?

अनगोळकर (बेळगाव)

वेगाचं सांगतो. ३१ मार्च १९९८ रोजी जर्मनीतल्या एरा-लेसियन ट्रॅकवर अँडी वॉलेसनं एक्सपी-५ ही प्रोटोटाइप ताशी ३८६.४ किलोमीटरवर नेली. इंजिन एरवी ७५०० आरपीएमला स्वतःला अडवायचं, म्हणजे गाडीत दम शिल्लक असूनही गिअर संपायचा. त्या दिवशी ती मर्यादा ८३०० पर्यंत वाढवली होती. टर्बो किंवा सुपरचार्जरशिवाय.

ल मान्सची गोष्ट मला वेगापेक्षा मोठी वाटते. मरेनं ही गाडी शर्यतीसाठी काढलीच नव्हती. ज्यांनी विकत घेतल्या त्यांनीच मागं लागून जीटीआर करायला लावली. आणि १९९५ साली, पहिल्याच खेपेला, २४ तासांच्या शर्यतीत एफ-१ पहिली आली. यानिक दालमास, मासानोरी सेकिया आणि जे. जे. लेहतो. तिसरी, चौथी, पाचवी आणि तेरावीही मॅक्लारेनच. त्या वर्षी तिथं पावसानं शर्यतीचा बराच भाग झोडपला. मुद्दाम शर्यतीसाठी बनवलेले हलके, वेगवान प्रोटोटाइप मागं पडले आणि रस्त्याच्या गाडीवरून केलेली ही चालत राहिली.

एक गोष्ट लक्षात घ्या. जीटीआरला नियमाप्रमाणं हवेच्या वाटेत रिस्ट्रिक्टर, म्हणजे हवा अडवणारं अरुंद भोक, बसवावा लागायचा, त्यामुळं तिची ताकद ६०० च्या आसपास उतरायची. शर्यतीची गाडी रस्त्याच्या गाडीपेक्षा कमी ताकदीची! तरी जिंकली, कारण मुळातली चासी, वजन आणि वजनाची मांडणी बरोबर होती. चालक मधोमध बसतो, दोन प्रवासी त्याच्या दोन्ही बाजूंना जरा मागं. चालक एकटा असो की गाडी भरलेली असो, डावा-उजवा तोल ढळत नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नावर माझं मत असं. रेसचं इंजिन उचलून बसवणं सोपं नाही, फेरारीचा मान आहेच. पण रेसची शिस्त अख्ख्या गाडीत उतरवणं त्याहून अवघड. मॅक्लारेननं १९८१ साली एमपी४/१ मध्ये फॉर्म्युला वनची पहिली कार्बन मोनोकॉक, म्हणजे एकसंध कवचासारखी चासी, आणली, जॉन बर्नार्डच्या डोक्यातली. एफ-१ नं तीच पद्धत रस्त्याच्या गाडीत पूर्णपणे आणली. आणखी एक: १०६ हा आकडा फेरारीसारखा आधी ठरवलेला नाही. सुमारे ५ लाख ४० हजार पौंड किंमत, वर नव्वदच्या दशकातली मंदी. गिऱ्हाईकच कमी मिळाली. पुढं २०२१ च्या लिलावात त्यातली एक २ कोटी डॉलरच्या वर गेली.

शहापूरचे_फौंड्रीकाका

अनगोळकर, फौंड्रीवाल्यांना हाक मारलीत म्हणून लिहूलालोय. नोकरी संपली, पण भट्टीचा वास अजून नाकात हाय.

निपाणीच्या भावानं एफ-५० काढली, तर एक गोष्ट सांगतो. त्या गाडीच्या इंजिनचा ब्लॉक अॅल्युमिनियमचा न्हाई. एसजी आयर्नचा, म्हणजे गोल गाठींच्या ग्रॅफाइटच्या बिडाचा हाय. आपण उद्यमबागेत जो ओततो तोच प्रकार. ४.७ लिटरचं व्ही-१२, ८५०० आरपीएम, टायटेनियमचे कनेक्टिंग रॉड, आणि ब्लॉक बिडाचा! पोरं म्हणतात, लोखंड म्हणजे जड, जुनं, मागासलेलं. त्यांना हे दाखवा.

फेरारीनं असं का केलं ते फौंड्रीवाल्याला लगेच कळतं. साध्या ग्रे आयर्नमध्ये ग्रॅफाइट पापुद्रे धरतं. प्रत्येक पापुद्र्याचं टोक म्हणजे चिरेला आमंत्रण. लॅडलमध्ये, म्हणजे वितळलेला रस धरायच्या भांड्यात, मॅग्नेशियम दिलं की तेच ग्रॅफाइट गोल गाठी धरतं आणि लोखंड ताण सोसायला लागतं. ताण सोसतं म्हणजे भिंत पातळ करता येते. त्या गाडीत इंजिन कार्बनच्या टबला, म्हणजे चालक बसतो त्या कवचाला, बोल्टनं पक्कं केलेलं, आणि मागचं सस्पेन्शन गिअरबॉक्सच्या बाजूला लटकलेलं. म्हणजे ब्लॉक हीच अर्धी चासी. तिथं ताठपणा पाहिजे.

पण पातळ एसजी ओतणं म्हणजे काय, हे ज्यानं ओतलंय त्यालाच ठाऊक. मॅग्नेशियम दिल्यावर घड्याळ चालू होतं. काही मिनिटांत ओतलं न्हाई तर त्याचा असर उतरतो आणि गाठींच्या जागी परत वेडंवाकडं ग्रॅफाइट. पातळ भिंत चटकन थंड होते, मग तिथं कार्बाइड, म्हणजे फार कडक कण, बसतं, मशीनवर टूल मोडतं. इनॉक्युलेशन, म्हणजे ग्रॅफाइट नीट धरावं म्हणून ओतताना द्यायची पूड, नीट पाहिजे, वाळूची ओल नीट पाहिजे, कोअर, म्हणजे आतल्या पोकळीचा वाळूचा गाभा, केसभर सरकला तरी एका बाजूची भिंत जाड, दुसरी पातळ. म्हणून म्हणतो, १० मिलिमीटरची भिंत कुणीबी ओततंय. कस लागतो तो चारला.

आणखी एक. रोशेसाहेबांचं नाव घेतलंत. त्यांचं १९८३ चं फॉर्म्युला वन इंजिन माहीत हाय? नेल्सन पिके ज्या ब्रॅबममध्ये जगज्जेता झाला, ती गाडी मरेचीच. त्यातलं दीड लिटरचं टर्बो चार सिलिंडरी इंजिन बीएमडब्ल्यूच्या रस्त्यावरच्या गाडीच्या बिडाच्या ब्लॉकवर उभं होतं. आणि रेसच्या जगात असं सांगतात की नव्यापेक्षा वापरून जुने झालेले ब्लॉक ते पसंत करायचे. आम्हाला यात नवल वाटत न्हाई. ओतल्यावर आत ताण राहतो. आमच्या वेळी मशीन टूलची बेड-कास्टिंगं महिनोन् महिने उघड्यावर ऊन-पावसात ठेवायचे, त्याला सीझनिंग म्हणायचे. मग मशीनिंग केलं की वाकत न्हाई. आता भट्टीत स्ट्रेस रिलीव्ह करतात. इंजिनची जागा मोठी असंल, पण धातूचा स्वभाव तोच.

खानापूर_रान

सगळ्यांचं वाचलं. माहिती चांगली आहे, पण एक विचारल्याशिवाय राहवत नाही. या गाड्यांचा आपल्याला उपयोग काय? पाच लाख पौंडांची गाडी जगातल्या शंभर माणसांनी घेतली आणि बहुतेकांनी गॅरेजमध्ये झाकून ठेवली. आमच्या जंगलभागातल्या वस्त्यांवर पावसाळ्यात साधी बस पोचत नाही. इतकी अक्कल, इतका पैसा शंभर गाड्यांवर घालवला, याचं कौतुक करताना मला अवघड जातं. रेसमधलं तंत्रज्ञान पुढं साध्या गाडीत येतं म्हणतात. तीस वर्षांत काय आलं, तेही कुणी सांगावं.

वडगावची_लेक

खानापूरच्या दादांचा प्रश्न रास्त आहे, आणि मला त्याचं उत्तर माझ्या कामातून द्यावंसं वाटतं. मी इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे, आमच्या फॉर्म्युला स्टुडंट टीममध्ये बॉडी आणि इनटेक माझ्याकडं आहे. ही स्पर्धा कोईमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर भरते, फॉर्म्युला भारत नावानं. गाडी विद्यार्थ्यांनीच बनवायची.

अनगोळकरदादांनी जीटीआरच्या रिस्ट्रिक्टरचं लिहिलं. आम्हालाही तोच नियम आहे. इंजिन ७१० सीसीपर्यंत, आणि सगळी हवा २० मिलिमीटरच्या एका भोकातून. भोकात हवेचा वेग ध्वनीच्या वेगाला पोचला की तिथं गाडी अडली. मागून कितीही ओढा, त्यापलीकडं हवा येत नाही. मग सगळं लक्ष जातं त्या भोकाच्या पुढच्या भागाकडं, तो किती हळूहळू रुंद करायचा, म्हणजे दाब परत मिळेल. १९९५ च्या जीटीआरसमोरही अडचण हीच होती. ताकद बांधून दिली की उरतं ते वजन. आमच्या टीमचं हेच चालू असतं: प्रत्येक ब्रॅकेट काट्यावर ठेवायचा, वहीत लिहायचा, आणि ज्यानं बनवला त्यानं सांगायचं की एवढा जड का.

कार्बनबद्दलही थोडं. लोकांना वाटतं, कार्बन फायबर म्हणजे एक मटेरियल, पत्रा कापावा तसं कापून लावायचं. तसं नाही. धागा त्याच्या लांबीच्या दिशेनं ताठ, आडवा अगदी कमकुवत. म्हणून एक थर सरळ, पुढचा ४५ अंशात, पुढचा ९० अंशात. ताण कुठल्या दिशेनं येणार हे आधी काढायचं, मग थर रचायचे. एफ-१ च्या टबमध्ये कार्बनच्या दोन कातड्यांच्या मध्ये अॅल्युमिनियमची मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी आहे. खोक्याचा पुठ्ठा घ्या: वरचा-खालचा कागद पातळ, मध्ये नागमोडी पट्टी, तरी तो सहज वाकत नाही. दोन कातड्या एकमेकींपासून लांब ठेवल्या की ताठपणा झपाट्यानं वाढतो, आणि मधल्या पोकळीला वजन जवळजवळ नाही.

हे थर राळेत भिजवूनच येतात, फ्रीझरमध्ये ठेवावे लागतात. साच्यात हातानं बसवायचे, व्हॅक्यूम बॅगेत बंद करायचे आणि ऑटोक्लेव्हमध्ये दाब आणि उष्णता देऊन पिकवायचे. मशीन हे काम झटपट करत नाही. एक एफ-१ तयार व्हायला साडेतीन महिन्यांच्या आसपास लागायचे. आमच्याकडं ऑटोक्लेव्ह नाही, व्हॅक्यूम बॅगेवरच भागवतो, त्यामुळं चासी स्टीलच्या नळ्यांचीच, कार्बन फक्त सीट आणि नाकाला. पण थर कसे लावायचे हे शिकले ते याच गाड्यांचा अभ्यास करून. खानापूरचे दादा, शंभर माणसांनी गाडी घेतली असेल, पण तिचं ज्ञान गॅरेजमध्ये झाकून राहिलेलं नाही.

हत्तरगीचा_ऑपरेटर

मी हत्तरगीच्या एरोस्पेस सेझमध्ये, म्हणजे विमान-उद्योगाच्या खास वसाहतीत, पाच-अॅक्सिस मशीनवर असतो. गाव हुक्केरी तालुक्यात. विमानाचे पार्ट काढतो, त्यामुळं हा हिशोब आमच्या रोजच्या पोटापाण्याचा.

आमच्याकडं अॅल्युमिनियमचा मोठा ठोकळा येतो आणि त्यातनं जो पार्ट निघतो तो हातात धरला तर पोकळ वाटतो. जास्तीचा माल चिप्स होऊन कन्व्हेयरवरनं जातो. नवीन पोरं आली की हळहळतात, एवढा चांगला माल भंगारात! पण विमान ते वजन आयुष्यभर उचलणार असतं, प्रत्येक उड्डाणाला इंधन जाळून. एकदा मशीनवर काढलं की सुटलं.

टायटेनियमच्या पान्यांबद्दल वाचून बरं वाटलं. टायटेनियम कापायला बसा म्हणजे समजेल. उष्णता त्याच्यातनं पुढं पळत नाही, टूलच्या टोकावरच साठते. चिप्सबरोबर निघून जात नाही. वेग कमी ठेवावा लागतो, कूलंटचा दाब जास्त, आणि पातळ भिंत टूलपासनं दूर दबते, टूल गेलं की परत येते. मापात बसवायला जीव काढते. ज्यानं हत्यारांचं किट टायटेनियममध्ये करायला सांगितलं त्याला त्याची किंमत पुरेपूर माहीत असणार.

अनगोळकर (बेळगाव)

खानापूरचे दादा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला सरळ उत्तर देतो. रेसमधलं सगळं साध्या गाडीत येतं हे बरंचसं जाहिरातीतलं बोलणं आहे. कार्बनचा टब तीस वर्षांनीही तुमच्या-माझ्या गाडीत नाही, आणि का नाही ते ताईंनी वर लिहिलंच: हाताचं काम, वेळ. बीएमडब्ल्यूनं २०१३ मध्ये आय-३ या इलेक्ट्रिक गाडीत कार्बनची केबिन मोठ्या संख्येनं बनवून दाखवली, पण तो रस्ता पुढं फारसा कुणी धरला नाही.

तरीही वजनाचा विचार करायला ऑटोक्लेव्ह लागत नाही, तो फुकट आहे. आणि साध्या माणसाला त्याचाच जास्त उपयोग. शेतमाल नेणाऱ्या टेम्पोची बॉडी हलकी झाली तर तेवढाच माल जास्त बसतो. वंटमुरीच्या चढावर डिझेल कमी जातं. टायर जास्त टिकतात. ट्रॉलीचा हब, पंपाची केसिंग, नांगराचा फाळ, हे सगळं आपण ओततो. यातल्या किती ड्रॉइंगवर कुणी विचारलं असेल की इथं एवढा माल कशाला?

मरेनं पुढं स्वतःची कंपनी काढून २०२० मध्ये टी-५० दाखवली. १०० गाड्या, चालक परत मधोमध, कॉसवर्थचं ३९९४ सीसीचं व्ही-१२, १२,१०० आरपीएमपर्यंत फिरणारं, आणि इंजिनचं वजन १७८ किलो. एफ-१ च्या २६६ शी ताडून बघा. गाडी हजार किलोच्या आत आणली. मागं ४०० मिलिमीटरचा पंखा आहे, गाडीखालची हवा ओढून तिला रस्त्याला चिकटवणारा. ती कल्पना त्याच्याच १९७८ च्या ब्रॅबम बीटी-४६बी मधली. निकी लाउडानं ती स्वीडनमध्ये जिंकली आणि मग ती गाडी परत शर्यतीत उतरली नाही. ३० वर्षांपूर्वी जो हजाराचा आकडा सुटला होता, तो या माणसानं सत्तरी ओलांडल्यावर गाठला. मला याचं फार मोल वाटतं.

मच्छे_क्रँक

एक छोटी भर. मी क्रँकशाफ्ट ग्राइंडिंगला आहे. व्ही-१२ म्हणजे सहा सिलिंडरांच्या दोन रांगा एका क्रँकवर. ओळीतलं सहा सिलिंडर स्वतःच तोल सांभाळतं, पहिल्या आणि दुसऱ्या ऑर्डरची बलं, म्हणजे क्रँकच्या एका फेऱ्यात एकदा आणि दोनदा येणारे हादरे, आपापसांत मिटतात. त्यामुळं बॅलन्सर शाफ्ट नावाचा प्रकारच लागत नाही. तेवढं वजन, तेवढी बेअरिंगं वाचली. एफ-१ चं बोअर ८६, स्ट्रोक ८७ मिलिमीटर, म्हणजे स्ट्रोक फार लांब नाही. आम्ही बहुतेक एक-दोन सिलिंडरांच्या क्रँक करतो, तिथं काउंटरवेट जड ठेवण्यावाचून इलाज नसतो. फ्लायव्हील हलकं करायची छाती ही असल्याच इंजिनात होते, सिंगल सिलिंडरात केलं तर आयडलला धडधडून बंद पडेल.

खानापूर_रान

अनगोळकर, टेम्पोचं उदाहरण पटलं. आता काकांना विचारतो. दर किलोवर असेल तर फौंड्रीवाला वजन कमी का करील? त्याच्या पोटावरच पाय येतो की.

शहापूरचे_फौंड्रीकाका

बरोबर जागी बोट ठेवलंत. ते दुखणं खरं हाय आणि मी ते भोगलंय. एका मोठ्या गिऱ्हाईकानं एका हाउसिंगची भिंत पातळ करून मागितली. ड्रॉइंग बदललं, पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उठवायचा नमुना, बदलला, दर तोच किलोचा. पातळ केल्यावर सुरुवातीला रिजेक्शन वाढलं, आणि चांगल्या नगाचं वजन घटलं म्हणून बिलबी घटलं. दोन्हीकडनं फौंड्रीच कापली गेली. कामगार विचारायचे, साहेब, आपण अवघड काम करून कमी पैसे का घ्यायचे? माझ्याकडं उत्तर नव्हतं.

उत्तर एकच हाय. पीस रेट. नगाला इतके रुपये. वजन कितीबी असू दे, माप आणि ताकद ड्रॉइंगप्रमाणं द्यायची. मग भिंत पातळ केली तर वाचलेलं लोखंड, वाचलेली वीज आमची. मग फौंड्रीतला मोल्डरसुद्धा विचार करंल. नुसतं "वजन कमी करा" सांगून काही होणार न्हाई. तुमच्या त्या गाडीतबी कुणी टायटेनियमचा पाना किलोनं विकला नसणार.

काही फौंड्र्या असं करूलाल्यात, नव्या पिढीच्या. पण खरेदी खात्यातला माणूस पहिला प्रश्न विचारतो, किलोला काय पडतंय. त्याच्या तक्त्यात तोच एक रकाना असतो. डिझाइनवाला आणि खरेदीवाला एका टेबलाशी बसले तरच हे सुटंल. मरेसाहेबांकडं दोन्ही कामं एका डोक्यात होती, म्हणून त्यांना जमलं.

वडगावची_लेक

काका, मग आमचं एक काम कराल का? पुढच्या गाडीसाठी अपराइट, म्हणजे ज्यावर चाकाचं बेअरिंग आणि सस्पेन्शन येतं तो भाग, एसजी आयर्नमध्ये पातळ ओतून मिळेल का? गेल्या खेपेला अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून काढला होता, मशीनिंगलाच सगळं बजेट गेलं.

हत्तरगीचा_ऑपरेटर

ताई, अपराइट ठोकळ्यातनंच काढा. ड्रॉइंग बघू, खिशांचे कोपरे मोठ्या त्रिज्येचे ठेवलेत तर जाड टूल चालतं आणि वेळ बराच कमी होतो. बहुतेक मुलं आतले कोपरे उगाच बारीक ठेवतात, तिथंच तास जातात.

शहापूरचे_फौंड्रीकाका

हत्तरगीचा पोरगा बरोबर सांगतोय. पोरी, अपराइट बिडात करू नकोस. वाळूत मी चार मिलिमीटरच्या खाली भरवशानं जाणार न्हाई, आणि चारला तुझा भाग अॅल्युमिनियमपेक्षा जडच भरंल. तुझ्या गाडीचं नुकसान करून मला ऑर्डर नको.

पण ब्रेकच्या डिस्क आमच्याकडनं घे. मॅक्लारेननं एफ-१ ला कार्बनचे ब्रेक लावून बघायचा विचार केला होता, पण रस्त्यावर थंड असताना ते धरत न्हाईत. शेवटी ब्रेम्बोच्या बिडाच्याच डिस्क बसवल्या, पुढं ३३२ मिलिमीटरच्या. ग्रे आयर्नमधले तेच पापुद्रे जे ताणाला वाईट, ते उष्णता वाहून न्यायला चांगले. तुझं ड्रॉइंग, जाडी आणि किती नग ते पाठव. पॅटर्न लाकडाचाच करू, चार-सहा नगांना तो पुरतो. ओळखीच्या फौंड्रीत सांगून ठेवतो, आणि कोटेशन नगावर लिहायला सांगतो.